कुंपण, वाडा आणि राजवाडा

दिवाळीला आठ दिवस उरले की आमच्या घरी माती येते. पूर्वी ती अंगणात पडत असे. आता अंगण उरले नाही. तेव्हा इमारतीच्या आवारात जेथे मोटारी उभ्या राहतात, तेथील एक कोपरा मुले मागून घेतात आणि दगड, विटा, जुनी पोती व चिखल यांचा डोंगर रचून त्यावर हळीव पेरतात. किल्ला कोणता करावयाचा यावर दर वर्षी भांडण ठरलेले. ह्या खेपेला तिकोणा निघाला. कारण आमच्या नातीच्या मते तो करावयास सर्वांत सोपा. तीन कडा काढल्या की झाला!

कसबा पेठेतील कुंभारवाड्यातून चित्रे आली. मावळे आले, तोफा आल्या, डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली आली, सिंहासनावर बसलेले महाराज आले. त्यांबरोबर एक राजवाडाही आला: लाल छपराचा, चार कमानींचा आणि वर सोनेरी कळस असलेला. तेथेच घोडे अडले. "आजोबा, तिकोण्यावर राजवाडा नेमका कुठं होता?" नातीने विचारले. मला इतिहासाचा थोडाबहुत नाद आहे, हे घरात सर्वांना ठाऊक. त्यामुळे उत्तर माझ्याकडेच मागितले गेले. ते मला चटकन देता येईना. "जाऊन पाहू," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण मुले असले शब्द विसरत नाहीत. पुढच्याच रविवारी आम्ही तिकोणा पेठेच्या वाटेला लागलो.

पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना कामशेतला मोठा रस्ता सोडला म्हणजे माणूस पवन मावळात शिरतो. बेडशाची लेणी वाटेत लागतात, पुढे पवनेचे पाणी दिसू लागते आणि मग तो त्रिकोणी डोंगर समोर येतो. त्याच्या आकारावरूनच त्याला तिकोणा म्हणतात. वितंडगड हे त्याचे दुसरे नाव. पायथ्याचे गाव तिकोणा पेठ. गडाखालच्या वस्तीला पेठ म्हणावयाचे, कारण गडावरच्या माणसांना लागणारे मीठमिरची, कापडचोपड तेथे मिळावयाचे. पुणेकरांना पेठ हा शब्द आपल्याच मालकीचा वाटतो. पण सह्याद्रीच्या कुशीतील एका लहानशा खेड्यानेही तो आपल्या नावात जपून ठेवला आहे.

गड चढताना चपेटदान मारुती भेटतो. पुढे तळजाईची गुहा आणि तिच्यासमोरचे पाणी लागते. चुना मळण्याचा दगडी घाणा आहे. मग छातीवर येणाऱ्या उंच पायऱ्या, दरवाजा, टाकी आणि माथ्यावर महादेव. तेथे उभे राहिले की तुंग, लोहगड, विसापूर हे तिन्ही शेजारी दिसतात आणि खाली पवना धरणाचे निळे पाणी पसरलेले असते. नातीने घरांची जोती पाहिली, टाक्यांत वाकून पाहिले, महादेवाला प्रदक्षिणाही घातली. चार कमानींचा राजवाडा काही सापडला नाही.

उतरून पेठेत आलो तो एक म्हातारी दारात बसलेली. नातीने तिलाच गाठले. "आजी, गडावर राजवाडा कुठं होता हो?"

"राजवाडा?" म्हातारी हसली. "न्हाई गं बाळा, गडावर राजवाडा असल्याचं मी तरी ऐकलं न्हाई. आमचा वाडा हाय तेवढा. त्यो बघ."

तिने बोट दाखविले तिकडे काट्याकुट्यांची वई घातलेली होती. आत दोन म्हशी, एक गाय आणि एक वासरू. नात खुदकन हसली. तिला वाटले, आजीबाईंनी आपली थट्टा केली. मला मात्र हसू आले नाही. कारण राजवाडा ह्या शब्दाचा जो इतिहास मी तिला घरी बसून सांगू शकलो नव्हतो, तो त्या बाईंनी एका बोटाने दाखविला होता.

राजवाडा ह्या शब्दातील राजा मागाहून आला आहे, वाडा आधीचा. आणि वाडा म्हणजे मुळात घर नव्हे, तर कुंपण. संस्कृतात वाट असा एक शब्द आहे. आपण जिच्यावरून चालतो ती वाट येथे मनात आणू नये. ती 'वर्त्मन्' ह्या निराळ्या घराण्यातील. हा वाट म्हणजे कुंपण, किंवा कुंपण घातलेली जागा. वृ म्हणजे वेढणे ह्या धातूशी भाषापंडित त्याचा संबंध लावतात. त्याच धातूपासून संस्कृतात वृति झाला, आणि त्या वृतीची मराठीत वई झाली. म्हणजे म्हातारीच्या गोठ्याभोवतीची वई आणि आतला वाडा हे दोन्ही शब्द एकाच कुळीतले ठरतात.

वाटचा वाडा कसा झाला, हेही पाहण्यासारखे आहे. दोन स्वरांमध्ये सापडलेला ट प्राकृतात मऊ होऊन त्याचा ड होतो. घोटकाचा घोडा झाला, कीटकाचा किडा झाला, कपाटाचे कवाड झाले. त्याच चालीने वाटकाचा वाडा आणि वाटिकेची वाडी झाली. सीतामाईला रावणाने जेथे ठेवले ती अशोकवाटिका म्हणजे आपल्या भाषेत अशोकाची वाडीच! कोकणातला माणूस नारळी-पोफळीच्या बागेला वाडी म्हणतो, तेव्हा तो ह्या शब्दाचा जुना अर्थ जसाच्या तसा वापरीत असतो.

हे कूळ मोठे आहे. गुजरातीत वाड आणि हिंदीत बाड म्हणजे आजही कुंपणच. बंगाल्यात बाडी म्हणजे घर. कलकत्त्याच्या जोडासाँको भागातील ज्या घरात रवींद्रनाथांचा जन्म झाला, ती ठाकुरबाडी. मल्ल जेथे झुंजतात तो आखाडा हाही ह्याच घरचा: अक्षवाट ह्या शब्दाचे ते बदललेले रूप. मूळ शब्दातील अक्ष म्हणजे फासे. म्हणजे तेथे आधी जुगारी बसत होते आणि पहिलवान पुढे आले असे दिसते. जागा मात्र आखलेली, वेढलेली; ती खूण शब्दाने सोडली नाही.

आता आपल्या मराठीतले भाईबंद मोजा. गुरांचा वाडा, मेंढरांचा वाडा, धनगरवाडा, कुंभारवाडा, गावातली मोकाट गुरे डांबण्याचा कोंडवाडा आणि राजाचा राजवाडा. कोंडवाडा आणि राजवाडा हे सख्खे भाऊ म्हटले तर राजेलोकांना राग येईल. पण व्याकरणाला त्याची भीड नाही. दोन्हींमध्ये वाडा तोच. एकात चुकार म्हैस, दुसऱ्यात भूपती, एवढाच काय तो फरक! सावंत-भोसल्यांच्या संस्थानाची तर राजधानीच वाडी. सावंतवाडीला राजवाडा आहे, मोठा देखणा आहे. पण ज्या नगरात तो उभा आहे ते नगर नावाने वाडीच राहिले आहे. राज्य आले आणि गेले, वाडी टिकली.

कोणी म्हणेल, राजाच्या घराला आपल्याकडे दुसरे भारदस्त शब्द नव्हते काय? होते. परंतु त्यांचीही मुळे उकरली की गंमतच निघते.

पहिला शब्द प्रासाद. ह्यात सद् म्हणजे बसणे हा धातू आहे; उंच बैठक, उंचावर रचलेली वास्तू असा त्याचा रोख. पण प्रासाद केवळ राजाचाच असे नाही. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत प्रासाद म्हणजे देवालय. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाशी शके १५९६ चा, म्हणजे राज्याभिषेकाच्या वर्षाचा, इ. स. १६७४ चा, संस्कृत शिलालेख आहे. गडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव त्यात आहे. त्या लेखात प्रासाद हा शब्द जगदीश्वराला दिला आहे आणि राजाच्या घरांना नरेंद्रसदने असे साधे नाव आहे. सदन म्हणजे बसण्याची जागा, घर. हत्तींनाही विसरलेले नाहीत. त्यांचे ते कुंभिगृह.

दुसरा शब्द मंदिर. आज मंदिर म्हटले की घंटा ऐकू येते. परंतु संस्कृतात मंदिर म्हणजे नुसते घर, कोणाचेही. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ सालच्या सुमारास जे आज्ञापत्र लिहिले, त्यात गडावरील राजाच्या घराला राजमंदिर म्हटले आहे. म्हणजे देव प्रासादात राहतो आणि राजा मंदिरात राहतो. आज आपण बरोबर उलटे बोलतो. शब्दांनी आपली घरे अदलाबदल करून घेतली!

ह्या आज्ञापत्रातच नातीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. अमात्य सांगतात की, गडावर राजमंदिराखेरीज मोठ्या इमारतीचे घर बांधू नये. राजमंदिर बांधावयाचे तेही विटांच्या भिंतींचे असावे आणि त्यावर चुन्याचा दाट गिलावा द्यावा. उंदीर, विंचू, किडा, मुंगी ह्यांना थारा मिळेल अशी फट ठेवू नये. पाहा, राजाच्या घराविषयी लिहिताना सोन्याच्या कळसाचा उल्लेख नाही, विंचवाचा आहे. गड हे राहण्याच्या हौसेचे ठिकाण नव्हते. तेथे हवालदार, सबनीस, कारखानीस आपापल्या कामाला बांधलेले असत. १६६५ साली पुरंदरच्या तहात मोगलांना जे तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यांत लोहगड, विसापूर, तुंग यांच्याबरोबर तिकोणाही होता. मिर्झाराजे जयसिंहाने महाराजांचे राजवाडे मागितले नाहीत, किल्ले मागितले. पाच वर्षांनी, १६७० साली, महाराजांनी ते एकामागून एक परत घेण्यास आरंभ केला, तो राजवाड्यांच्या आठवणीने नव्हे. किल्ला म्हणजे साऱ्या मुलुखाचे कुंपण. ते हातचे गेले की आतले सर्व उघडे पडते, हे दोघांनाही ठाऊक होते.

चुन्याचा विषय निघाला म्हणून तिसरा शब्द सांगतो: सौध. काव्यांत सौधावर नायिका उभी असते, चांदणे पडलेले असते आणि वाचकाला वाटते की सौध म्हणजे काहीतरी स्वर्गीय वस्तू. पण सुधा शब्दाचा अमृताखेरीज दुसरा अर्थ चुना. आणि सुधेने, म्हणजे चुन्याने, लिंपलेले ते सौध. बेंगळूरचे विधान सौध १९५६ साली पुरे झाले, ते नावाने चुन्याचेच घर! तिकोण्यावर नातीने ज्या दगडी घाण्याच्या चाकोरीतून पाय टाकून पाहिले, त्या चाकोरीत बैल फिरले, चुना मळला गेला, आणि तोच तटाच्या व घरांच्या भिंतींना लागला. राजवाडा सापडला नाही म्हणून ती खट्टू झाली होती. पण सौधाचा कारखाना तिने पाहिला होता.

चौथा शब्द महाल. हा अरबी. त्या भाषेत ह्याच्या मुळाशी जो धातू आहे त्याचा अर्थ गाठ सोडणे, ओझे उतरवून मुक्काम करणे. उंटावरचे ओझे जेथे उतरविले ती जागा म्हणजे महाल. मोहल्ला हा शब्दही त्यातूनच आला. महालाचा अर्थ मूळचा जागा एवढाच असल्यामुळे आपल्या कारभारात तो मोठ्या मोकळेपणाने वावरला. जमाबंदीच्या भागाला महाल म्हणू लागले, त्यावरचा अधिकारी तो महालकरी. गुजरातेतील पंचमहाल जिल्ह्यात पाच राजवाडे शोधावयास कोणी जाऊ नये. शिंद्यांच्या ताब्यातील पाच महाल होते, ते १८६१ साली इंग्रजांकडे गेले, त्यांवरून ते नाव पडले. शिवछत्रपतींच्या कारभारात अठरा कारखाने आणि बारा महाल होते. त्या बारांत टांकसाळ होती, पागा होती, पालखी होती, आणि थट्टीही होती. थट्टी म्हणजे गाईगुरांची जागा. तेव्हा तिकोणा पेठेतील आजीबाईंनी आपल्या गोठ्याला उद्या वाड्याऐवजी महाल म्हटले, तरी शिवकालीन दप्तर त्यांच्याच बाजूने साक्ष देईल!

ह्या चारांखेरीज मावळच्याच मातीतला एक फार जुना शब्द आहे. तिकोण्याहून उत्तरेला, डोंगरांच्या पलीकडे कार्ल्याचे लेणे आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठने ते पुरे करविले, असा ब्राह्मी लिपीतील लेख तेथे कोरलेला आहे; त्यात त्या लेण्याला सेलघर म्हटले आहे. सेल म्हणजे शैल, दगड. आणि घर म्हणजे आपले घरच. ओसरीच्या बाजूच्या भिंतींवर हत्तींच्या पाठीवर तोललेल्या अनेक मजली इमारती कोरल्या आहेत. लाकडी घरे नाहीशी झाली, त्यांची दगडातली चित्रे तेवढी उरली. बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेल्या त्या वास्तूला दोन हजार वर्षांपूर्वीच्या मावळी कारागिरांनी नाव दिले ते घर. तोच शब्द आज आपण स्वयंपाकघर आणि देवघर म्हणताना वापरतो.

आता थोडे दूर, रोमला जाऊ. इंग्रजीतला पॅलेस, फ्रेंचांचा पाले, इटालियनांचा पालात्सो हे सारे शब्द एका टेकडीच्या नावावरून आले आहेत. रोम शहर सात टेकड्यांवर वसले. त्यांतल्या एकीचे नाव पालातियुम. पहिला सम्राट ऑगस्टस त्या टेकडीवर राहत असे. पुढच्या सम्राटांनी तेथेच मोठमोठी बांधकामे केली. इतकी की टेकडीचे नाव तेच राजाच्या घराचे नाव झाले. पण टेकडीला ते नाव का पडले? रोमच्या जुन्या लेखकांत ह्यावर मतभेद होते. कोणी म्हणाले, मेंढपाळांची पालेस नावाची देवता आहे तिच्यावरून. कोणी म्हणाले, तेथे चरणाऱ्या मेंढरांच्या बें-बें आवाजावरून! आणि त्याच टेकडीवर, सम्राटांच्या संगमरवरी दालनांजवळ, रोमच्या लोकांनी एक गवताने शाकारलेली झोपडी फार काळ जपली होती. आपल्या नगराचा संस्थापक रोम्युलस, जो मेंढपाळांत वाढला, त्याची ही झोपडी, असे ते मानीत.

म्हणजे रोमच्या पॅलेसच्या मागेही मेंढरांचा वाडा उभा आहे, आणि आपल्या राजवाड्याच्या मागेही. दोन दूरच्या भाषा, एकमेकींशी ठरवून न करता, राजाला त्याच्या दाराशी बांधलेल्या गुरामेंढरांची आठवण करून देतात. पहिली संपत्ती गुरे हीच होती. ती राखावयाची म्हणजे कुंपण हवे. आणि ज्याचे कुंपण सर्वांत मोठे, तो हळूहळू राजा झाला. शब्दाने ही गोष्ट लपवून ठेवलेली नाही. आपण ऐकत नाही एवढेच.

पुण्याच्या शनिवारवाड्याकडे ह्या दृष्टीने पाहावे. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी त्याच्या बांधकामास आरंभ केला. २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवारच. पेशवा हा राजा नव्हे, राजाचा प्रधान. तेव्हा तो पुण्याचा वाडा झाला. राजवाडा म्हणावयाचा तो साताऱ्याला, छत्रपतींचा. उत्तरेत पेशव्यांची घोडी कोठवर गेली, हे शब्दाने विचारले नाही. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली आणि दिवाणखाने, लाकडी खांब, नक्षी, कारंजांभोवतीच्या इमारती सर्व गेले. राहिले काय? तट, नऊ बुरूज आणि पाच दरवाजे. आज आपण पाहुण्यांना शनिवारवाडा म्हणून जे दाखवितो ते त्याचे कुंपण आहे. आत वाडा नाही, वेढा उभा आहे. वाट ह्या संस्कृत शब्दाचा अर्थ विद्यार्थ्यांना शिकवावयाचा असेल, तर दिल्ली दरवाजासमोर नेऊन उभे करावे.

परंतु कुंपणाला दोन बाजू असतात. आत कोण, हे सांगताना ते बाहेर कोण हेही सांगते. आणि येथे ह्या शब्दाची गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. आपल्या गावांत वाडे जातीजातींचे झाले. कुंभारवाडा झाला, तसे महारवाडा आणि मांगवाडाही झाले, आणि हे शेवटचे गावकुसाच्या बाहेर. गावाचे कूस हेही एक कुंपणच. त्यांच्या वस्तीला वाडा म्हटले ते कशाचे रक्षण करावयाचे म्हणून नव्हे; त्यांनी कोठवर यावयाचे ते आखून द्यावे म्हणून. दक्षिण महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत तर ह्या वस्तीलाच राजवाडा म्हणत आले आहेत. ज्या माणसांच्या पायाखालची जमीन त्यांची नव्हती, ज्यांना विहिरीवर पाणी भरू देत नसत, त्यांच्या घरांना राजवाडा! हे नाव कोणी आदराने घेतले असेल, कोणी टोचून घेतले असेल. आणि तेथे राहणाऱ्यांनी मान वर करून ते मिरविलेही असेल. एकाच शब्दाच्या एका टोकाला साताऱ्याचे छत्रपती आणि दुसऱ्या टोकाला वेशीबाहेरची ती माणसे. मधले सारे अंतर आपण निर्माण केलेले आहे. शब्दाने केलेले नाही.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने जातिवाचक नावांच्या वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा ही नावे जाऊन त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत असे ठरले. शब्दांचा नाद असलेल्या माझ्यासारख्या मनुष्याला जुने नाव पुसले गेले की एरव्ही हळहळ वाटते. येथे वाटत नाही. शब्द जपावयाचा तो कोशात जपावा. माणसाच्या दाराच्या पाटीवर नव्हे. मात्र एवढे ध्यानात ठेवावे की, पाटी बदलणे हे कुंपणाचा पहिला काटा काढणे आहे. वई सगळी उपटावयाची राहिलीच आहे.

वाड्याचे दारही उघडता येते, ह्याचा दाखला पुण्यातच आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. जी शाळा त्या काळच्या पुण्याला खपत नव्हती, तिला जागा मिळाली ती एका वाड्यातच. ती जीर्ण वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरविण्यात आली. तिच्या भिंती मोठ्या नव्हत्या, दिवाणखाना नव्हता, कारंजे तर नव्हतेच. परंतु पुण्यातल्या कोणत्या वाड्याने अधिक माणसांना आत घेतले असे कोणी विचारले, तर मी शनिवारवाड्याचे नाव सांगणार नाही.

असो. गोष्ट मातीच्या किल्ल्यापासून सुरू झाली, ती तेथेच पुरी करतो. हे सारे मी नातीला परतीच्या वाटेवर सांगितले. पुष्कळसे तिने ऐकले, थोडे झोपेत गेले. दुसऱ्या दिवशी आवारात जाऊन पाहतो तो तिकोणा तयार होता. माथ्यावर महादेव होता, खाली तळजाईचे पाणी एका वाटीत भरून ठेवले होते, आणि चुन्याच्या घाण्यासाठी बाटलीचे गोल झाकण चिखलात रुतविले होते. कुंभारवाड्यातून आणलेला राजवाडा गडावर नव्हता. तो पायथ्याला, पेठेत ठेवला होता. त्याच्या चार कमानींसमोर मातीची गाय, तिचे वासरू आणि ती पाटीवाली बाई उभी होती. भोवती काड्यांचे कुंपण होते.

"राजवाडा खाली का गं?" मी विचारले.

"आजीचा आहे तो," ती म्हणाली.

कुंपणाला एका बाजूस चार बोटांची मोकळी जागा होती. काड्या संपल्या म्हणून ती राहिली, की मुद्दाम ठेवली, हे मी विचारले नाही. शेजारच्या बिऱ्हाडांतली मुले त्या फटीतून आपापले मावळे आत नेऊन ठेवीत होती. कोणाचा मावळा कोणाच्या वाड्यातला, हे संध्याकाळपर्यंत कोणालाच ओळखता येईनासे झाले. मग पणत्या लागल्या आणि पेठ उजळली.